चाकाला घरघर लागते तेव्हा

मराठीत 'घरघर' हा शब्द मोठा विलक्षण आहे. पहाटे जात्याची घरघर कानी आली म्हणजे घर जागे झाले, घरात धान्य आहे आणि दळणारे हातही आहेत, असा त्याचा अर्थ होई. तीच घरघर एखाद्या वृद्धाच्या घशात सुरू झाली की मुलालेकींना निरोप धाडायचे. पुढे हा शब्द माणसांवरून संस्थांवर गेला. नाटक मंडळ्यांना घरघर लागली, वाचनालयांना लागली; मराठी शाळांना लागल्याचे तर आपण नेहमीच वाचतो. वर्गात हा शब्द आला की मी पूर्वी एवढ्यावर थांबत असे. आता एक वाक्य वाढवतो. मोटारीच्या चाकालाही घरघर लागते, आणि तीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आवाज जात्याचा, अर्थ दुसरा.

मुले हसतात. मराठीच्या प्राध्यापकाने चाकाच्या पोटात डोके घालू नये, असे त्यांना वाटत असावे. पण आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांच्या दारात आता चारचाकी उभी असते. तिचा रंग, तिचा हप्ता, लिटरमागे ती किती पळते, यांवर आपण तासन्‌तास बोलतो. पण ती, आणि तिच्यातली आपली सारी माणसे, ज्या चार कड्यांवर तोललेली असतात, त्या आपण कधी पाहिलेल्याही नसतात. त्यांना बेअरिंग म्हणतात. परिभाषाकारांनी 'धारवा' असा सुरेख मराठी शब्द दिलेला आहे. तो मराठी विश्वकोशात भेटतो. गॅरेजात भेटत नाही. तेव्हा मीही बेअरिंगच म्हणतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या गाडीत एक आवाज येऊ लागला. गाडी बहुतेक आमची सौभाग्यवतीच चालवते. तिची बँक शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. ताशी ४० च्या आत सारे शांत. त्यापुढे मात्र खालून एक जाड, एकसुरी गुरगुर सुरू होई आणि वेगाबरोबर चढत जाई. एकदा आई मागे बसली होती. तिने बराच वेळ ऐकून घेतले आणि म्हणाली, "सूनबाई, खाली कुणी दळण मांडलंय का गं?" जात्यावर उभी हयात घालवलेल्या माणसाचा कान तो!

दिवाळीला आम्ही पाचही जणे चिपळूणजवळच्या आजोळी जायचे ठरले होते. म्हणजे वाटेत कुंभार्ली घाट. गाडी आधी एका मोठ्या, काचा लावलेल्या कार्यशाळेत दाखवली. तिथल्या टाय लावलेल्या तरुणाने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निदान केले : टायर आवाज करतात, चारही बदला. वीस-बावीस हजारांचा आकडा त्याने इतक्या सहज सांगितला, की जणू तो शेंगदाण्यांचा भाव सांगत होता. सौ. त्याला म्हणाली, "टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो हो. डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. हा कुठंच बदलत नाही. आणि गाडी उजवीकडे वळवली की वाढतो, डावीकडे वळवली की कमी होतो. त्याचं काय?" तरुणाने संगणकाकडे पाहिले. संगणकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आम्ही परत आलो.

उत्तर आमच्या जुन्या मिस्त्रींनी दिले. ते तिच्या प्रश्नातच होते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचे वजन डाव्या चाकांवर झुकते. एस्टीत उभे राहणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. चालकाने उजवीकडे वळण घेतले की तो आपोआप डावीकडे कलंडतो. म्हणजे उजव्या वळणावर आवाज वाढला तर दुखणे बहुधा डाव्या चाकात. 'बहुधा' हा शब्द मिस्त्रींचाच. ते म्हणाले, "सर, कान फसवतो. हात नाही फसवत."

मग हाताची परीक्षा झाली. पुढचे डावे चाक जॅकवर उचलले, खाली लाकडी ओंडका दिला. घड्याळात बारा आणि सहा असतात त्या जागी दोन हात धरून मिस्त्रींनी चाक आत-बाहेर हलवले. किंचित टकटक झाली. आता ही ढिलाई बेअरिंगचीच की खालच्या सांध्याची? त्यांनी हाताखालच्या पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि पुन्हा हलवले. टकटक नाहीशी झाली. ब्रेक दाबला की चाक आणि त्याला धरणारा भाग एकजीव होतात. तेव्हा आवाज थांबला तर दोष त्या दोघांमध्ये, म्हणजे बेअरिंगमध्ये. सांधा ढिला असता तर ब्रेक दाबूनही चाक हललेच असते. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून त्यांनी दुसऱ्याने चाक फिरवले आणि मला म्हणाले, "धरा." स्प्रिंगच्या तारेतून एक बारीक खरखर तळव्याला लागत होती, रवा चाळताना चाळणीला लागते तशी. दुसऱ्या बाजूच्या चाकाला ती नव्हती. तर्कशास्त्राच्या पुस्तकात अन्वय-व्यतिरेकाची उदाहरणे असतात; त्यांत हे घालायला हरकत नाही.

या दुखण्याला इतके महत्त्व का द्यायचे? बेअरिंग एका दिवसात मरत नाही. गुरगुर सुरू झाल्यावरही गाडी पुष्कळ दिवस चालते, आणि लोक रेडिओ मोठा करून ती चालवतातही. पण ढिलाई आली की मामला बदलतो. चाकाबरोबर ब्रेकची थाळीही डुलू लागते. डुलणारी थाळी ब्रेकच्या पॅडना धक्के देऊन मागे सारते, आणि मग पहिल्या दाबाला पाय नेहमीपेक्षा खोल जातो. सपाट रस्त्यावर हे कदाचित ध्यानातही येणार नाही. कुंभार्लीच्या उतारावर, समोरून वाळूचा ट्रक येत असताना ध्यानात येईल. यापुढची पायरी म्हणजे आतल्या गोळ्या चुरडून बेअरिंग जाम होणे किंवा चाकच सुटणे. ती अवस्था मिस्त्रींनी दोनदा पाहिलेली आहे. वर्णन मात्र केले नाही. आमची यात्रा एक दिवस पुढे गेली.

आता या कडीच्या पोटात असते तरी काय? दोन कड्या, एकीच्या आत दुसरी. दोघींच्या मध्ये घोटीव खोबणी आणि त्यांत पोलादाच्या गोळ्यांच्या ओळी. गोळ्या एकमेकींना घासू नयेत म्हणून त्यांच्यात एक जाळीदार पट्टी असते. तिला 'पिंजरा' म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडला. पिंजऱ्यात ग्रीस भरलेले, दोन्ही तोंडांना रबराची झाकणे. बस्स. सारी करामत एका साध्या गोष्टीत आहे : घासण्यापेक्षा गडगडणे सोपे. धान्याचे पोते फरशीवरून ओढायचे झाले तर दोन माणसे लागतात. तेच खाली चार बांबू घालून ढकला, पोर ढकलील.

आपल्या बैलगाडीत गोळ्या नव्हत्या. लाकडी तुंबा लोखंडी आखावर सरळ घासत फिरे, म्हणून गाडीवानाला वंगणाचे नळकांडे बरोबर बाळगावे लागे. वंगण संपले की चाक आधी कुरकुरे आणि मग तापे. ही तापण्याची व्यथा किती जुनी आहे पाहा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४ व्या सूक्तात काळाच्या चाकाचे वर्णन आहे. त्या चाकावर सारी भुवने लादलेली आहेत, तरी त्याचा आख तापत नाही, असे ऋषी आश्चर्याने सांगतो. देवाच्या चाकाची थोरवी सांगायला त्याला हीच गोष्ट सुचली, याचा अर्थ त्याच्या स्वतःच्या रथाचा आख चांगलाच तापत असणार!

गोळ्यांची युक्ती तशी पुरातन. इटलीत नेमीच्या सरोवरातून १९२८ ते १९३२ या काळात रोमन सम्राट कालिगुलाची दोन प्रचंड जहाजे वर काढली, त्यांत ब्राँझच्या गोळ्यांवर फिरणाऱ्या चौथऱ्याचे अवशेष मिळाले. ती जहाजे १९४४ मध्ये जळाली. १७९४ मध्ये वेल्समधल्या फिलिप वॉन याने घोडागाडीच्या आसात गोळ्या बसवण्याचे पेटंट घेतले, आणि १८६९ मध्ये पॅरिसच्या सुरिरे या कारागिराने त्या सायकलीत बसवल्या. पण गोळी नुसती गोल असून भागत नाही. साऱ्या गोळ्या केसाच्या अंशानेही कमीजास्त असता कामा नयेत. नाहीतर सगळा भार मोठ्या गोळीवर पडतो. एकत्र कुटुंबात थोरल्यावर पडतो तसा. एकसारख्या गोळ्या घासून काढण्याचे यंत्र जर्मनीत श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिख फिशरने १८८३ मध्ये केले आणि ते गाव या धंद्याची पेठ झाले. इतकी, की १९४३ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये अमेरिकी विमानांनी त्या गावावर धाड घातली आणि दोन्ही वेळा पुष्कळ बाँबफेकी विमाने गमावली. बंदुकीच्या गोळ्यांसाठी नव्हे, या गोळ्यांसाठी!

एक गोष्ट मात्र केवळ माझ्या पेशाची. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा अभियंता होता. गिरणीखालची चिकणमाती खचे, त्यामुळे यंत्रांचे दांडे वाकडे होत आणि बेअरिंगे फुटत. त्याने १९०७ मध्ये वाकड्यातही सरळ फिरणारे बेअरिंग काढले आणि एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. आज तिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. या कंपनीने १९१५ मध्ये एक नाव नोंदवून ठेवले होते : 'व्होल्वो'. पुढे १९२७ मध्ये त्या नावाची मोटार निघाली, आणि आता पुण्या-मुंबईचा प्रवासी आरामगाडीलाच व्होल्वो म्हणतो. हे मूळचे लॅटिन क्रियापद. वर्तमानकाळ, प्रथम पुरुष, एकवचन. अर्थ, 'मी गडगडतो'.

असो. मग एवढे कठीण पोलाद झिजते कसे? खरे म्हणजे ते झिजत नाही, ते थकते. जरा हिशेब करा. आमच्या छोट्या गाडीच्या चाकाचा घेर सुमारे १ मीटर ८० सेंटिमीटर. म्हणजे किलोमीटरला साडेपाचशेच्या वर फेरे. गाडी ८२ हजार किलोमीटर धावली होती. चाकाचे साडेचार कोटी फेरे झाले. प्रत्येक चाकावर भरल्या गाडीचा तीनशे किलोंच्या आसपास भार, आणि तो एका वेळी मोजक्या गोळ्यांवर, तिळाएवढ्या जागेतून उतरतो. प्रत्येक गोळी जाताना खोबण किंचित दबते आणि पुन्हा वर येते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसेच इथे होते, फक्त फार हळू. पृष्ठभागाच्या जरा खाली, डोळ्यांना न दिसता, एक चीर जन्मते. ती वर आली की धातूचा टवका निघतो. त्या खड्ड्यावरून प्रत्येक गोळी ठेचकाळत जाते, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा आवाज. लुंडबर्ग आणि पामग्रेन या दोघा स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये या थकव्याचे गणित मांडले. गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही. आठवा हिस्सा उरते. लग्नसराईत पाचांच्या गाडीत आठ जण कोंबणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाहावा.

पण सगळीच बेअरिंगे अशी वयोवृद्ध होऊन जात नाहीत. निम्मी तर आपले रस्ते मारतात, असे मिस्त्री म्हणतात. चाक वेगात खड्ड्यात आदळले की गोळ्यांचा ठसा खोबणीत उमटतो. दुसरा शत्रू पाणी. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून आपण गाडी काढतो आणि घरी येऊन पराक्रम सांगतो. धावून तापलेले चाक त्या गार पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि रबरी झाकणाच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ग्रीसचे ताक होते, पोलादावर गंजाचे ठिपके उठतात, आणि दोन महिन्यांनी दळण सुरू होते. आमच्या बेअरिंगचे असेच झाले होते. उघडल्यावर ग्रीस काळे हवे ते तांबूस, चहाच्या चोथ्यासारखे निघाले. आतल्या खोबणीत करंगळीच्या नखाएवढा टवका उडालेला. मिस्त्रींनी तो माझ्या नखाला लावून दाखवला. आईलाही दाखवला, ती म्हणाली, "टाकी लावलेल्या जात्यासारखं दिसतंय की!" जात्याला टाकी लावतात ते दळण चांगले व्हावे म्हणून, इथे उलटे.

बदलण्याचे काम ऐकायला सोपे, करायला नेटाचे. आसाच्या टोकाचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो. गाडी उचलल्यावर त्याला जोर लावणे धोक्याचे. मग चाक, ब्रेकचा कॅलिपर. हा तारेने वर बांधून ठेवायचा. त्याच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. मग चाकाला धरणारा जो ओतीव तुकडा, तो सोडवायचा. गॅरेजात त्याला 'नकल' म्हणतात; नकलेशी त्याचा संबंध नाही. त्याच्या पोटात आमचे बेअरिंग घट्ट बसलेले, जणू तिथेच उगवले असावे. मिस्त्रींकडे दाबयंत्र नाही. शेजारच्या गल्लीत लेथवाला आहे, त्याच्याकडे आहे. पोरगा म्हणाला, "कशाला तिकडं? हातोड्यानं बसवतो की." मिस्त्री त्याच्याकडे न पाहताच म्हणाले, "हातोड्यानं बसतं. पण बसतानाच मरतं."

हे वाक्य मी जपून ठेवले आहे, कारण या कामाचे सारे शास्त्र त्यात आहे. बेअरिंग नकलीत दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्यायचा, कारण तीच घट्ट बसणार आहे. त्यात हब दाबताना आधार आतल्या कडीला द्यायचा. कोणत्याही वेळी जोर गोळ्यांमधून जाता कामा नये. आतल्या कडीवर दाब देऊन बाहेरची कडी बसवू गेलात, तर गोळ्या खोबणीत ठसे पाडतात आणि नवे कोरे बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणू लागते. लेथवाल्याने मापाची नळी शोधून बाहेरच्या कडीवर ठेवली, हापसा दाबला, आणि कडी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. मग अडकवणीची स्प्रिंगची कडी खाचेत बसवली. नव्या गाड्यांत आणखी एक नाजूक बाब असते : चाकाचा वेग ब्रेकच्या यंत्रणेला कळावा म्हणून एका झाकणात चुंबकाची पट्टी असते. ती बाजू उलटी बसली, तर सारे काम ठीक होऊनही समोर दिवा पेटतो आणि पुन्हा सगळे खोलावे लागते. शेवटचा नट नवाच घालायचा आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या जोराइतकाच आवळायचा, त्यासाठीच्या खास पान्याने. अंदाजाने नाही. तो नट आवळल्याशिवाय गाडी चाकावर टेकवून ढकलायचीही नाही. बेअरिंगच्या दोन्ही आतल्या कड्या एकत्र धरून ठेवणारा तोच असतो.

जुन्या गाड्यांत हे वेगळे होते. मिस्त्रींचे हात ज्या गाड्यांवर बसले, त्यांच्या पुढच्या चाकांत निमुळत्या रुळांची जोडी असे. ही हेन्री टिमकेन या अमेरिकी घोडागाडी बनवणाऱ्याची १८९८ सालची कल्पना. ती खोलता येत, रॉकेलने धुता येत, तळहातावर ग्रीस घेऊन ते रुळांच्या फटीत भरता येई. नट आधी आवळायचा, मग हलकेच मागे घ्यायचा. जास्त आवळला तर जळते, सैल राहिला तर डुलते. "त्यात मजा होती, सर," असे मिस्त्री म्हणाले. आता बहुतेक गाड्यांत बंद डबी येते. तिची निगा राखता येत नाही. ती बिघडली की टाकायची. याबद्दल त्यांना खंत आहे, मला तितकी नाही. वर्षातून एकदा चाके धुऊन ग्रीस भरणारे मालक किती होते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

दोन्ही बाजूंची बेअरिंगे जोडीने बदलावीत का, असे मी विचारले. ते म्हणाले, चष्म्याची एक काच फुटली म्हणून आपण दुसरी फोडतो का? उजवे तपासले, ते शांत होते, ते तसेच राहिले. सगळा खर्च, लेथवाल्यासकट, २ हजारांच्या आत आटोपला. नकल सोडवली होती म्हणून पुढच्या चाकांची रेषा तेवढी दुसऱ्या दिवशी तपासून घेतली.

खरेदीबाबत मात्र त्यांनी सौ.ला बजावून सांगितले, मला नव्हे. खोकी हुबेहूब छापून नकली माल विकण्याचा धंदा जोरात आहे. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडेच जावे, पावती घ्यावी, कडीवर कोरलेला क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. या क्रमांकांचे एक छोटे व्याकरण आहे. पंख्यात, मिक्सरात, पाण्याच्या पंपात असतात त्या साध्या बेअरिंगांचा क्रमांक, समजा, ६२०५ असेल, तर शेवटच्या ०५ ला ५ ने गुणायचे. आतल्या भोकाचा व्यास आला, २५ मिलिमीटर. ६२०४ असेल तर २०. पाणिनीला हे आवडले असते. गाडीच्या चाकाचे क्रमांक मात्र असे सुटत नाहीत. तिथे गाडीचे पुस्तकच पाहावे लागते.

आमचे जुने बेअरिंग मी टेबलावर ठेवायला मागितले. मिस्त्रींनी आतली कडी तेवढी दिली, टवका उडालेली. बाकीचे त्यांनी गोणपाटात गुंडाळले, कारण कडक पोलाद फुटताना उडते, आणि घणाचा एक घाव घालून दोन तुकडे केले. निघालेले प्रत्येक बेअरिंग ते असे फोडूनच भंगारात टाकतात. अखंड टाकले तर कुणीतरी ते रॉकेलमध्ये धुतो, घासून चकचकीत करतो, आणि महिन्याभरात ते नव्या खोक्यात बसून दुकानात येते.